सभासदांचं नवं रजिस्टर

आमच्या मंडळीचा मी अकरा वर्षं सेक्रेटरी होतो. हे सांगताना आजही छाती थोडी पुढं येते आणि मागोमाग लाजही वाटते, म्हणून दोन्ही एकदमच सांगून टाकतो. माझं अक्षर चांगलं. नगरकडच्या मिशनच्या शाळेत छड्या खाऊन वळण आलेलं. कंपनीत स्टोअरच्या वह्या माझ्याकडं, आणि मंडळीत सभासदांचं रजिस्टर माझ्याकडं. नवं कुटुंब आलं की नाव, बापाचं नाव, बाप्तिस्मा कधी आणि कुठं झाला, आधी कुठल्या मंडळीत होते, हे सगळं मी निळ्या शाईत उतरवायचो. त्या रजिस्टराचं मी काय केलं ते लिहायला बसलोय. आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला अर्धं माहीत आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला ऐरोलीत आमची चाळीसेक घरं असतील. कुणी नगरचं, कुणी जालन्याचं, कुणी सोलापूरकडचं. कुणी बेलापूर पट्टीतल्या कंपनीत चिकटलेला, कुणी मुंबईची खोली विकून सोसायटीत फ्लॅट घेतलेला. देऊळ नव्हतं. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, लहानपणापासून. एका शाळेतला पहिलीचा वर्ग आम्हाला रविवारी सकाळी दोन तास मिळायचा. बाकं एवढी बुटकी की प्रार्थनेसाठी गुडघे टेकायला वाकावंच लागत नसे, ते आधीच हनुवटीपाशी आलेले असायचे. किल्ली वॉचमनकडं, आणि वॉचमन त्याच्या मर्जीचा मालक.

एका ईस्टरला तो उगवलाच नाही. आम्ही सगळे, बायकापोरांसकट, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून गेटबाहेर रस्त्यावर. पलीकडं कुठल्याशा बिल्डिंगचा स्लॅब पडत होता. पाळकसाहेबांनी येशूच्या पुनरुत्थानाचा संदेश सिमेंटच्या मिक्सरच्या खडखडाटात दिला. म्हाताऱ्यांना ऐकू आलं नाही, पोरं मिक्सर बघत बसली. येणारे-जाणारे थांबून आमच्याकडं असे बघत होते की जणू आमचं लग्नाचं वऱ्हाड वाट चुकलंय. माझं डोकं फिरलं ते त्या दिवशी.

प्लॉटसाठी अर्ज केलेला होता. मीच लिहिला होता, सुवाच्य अक्षरात, तीन प्रतींत. उत्तर यायचं, विचार चालू आहे. असा विचार चालू राहून किती वर्षं गेली असतील. मी मंडळीच्या बैठकीत म्हणायला लागलो की नुसत्या प्रार्थनेनं काही होत नाही, आपला माणूस खुर्चीत पाहिजे. लोकांना उगाच वाटतं की आमचा धर्म म्हणजे एकेकाळी राज्यकर्त्यांचा धर्म. कसलं काय! कलेक्टरसाहेब ज्या देवाला मानत होता त्याच देवाला माझे आजोबा मानत होते, पण साहेब घोड्यावरून गेला आणि आजोबा विहिरीपासून लांबच उभे राहिले. कुणीतरी ओंजळीत पाणी ओतेल म्हणून वाट बघत. त्या सत्तेतलं आमच्या वाट्याला काही आलं नाही. मग या सत्तेतलं थोडं का मिळू नये, असा माझा हिशेब होता. आणि हिशेब करण्यात मी हुशार, असं मला वाटायचं.

आमचे पाळक ठाण्याहून यायचे. वयस्कर माणूस, बोलणं हळू, आणि मधूनच चिमटा काढायची सवय. मला ते ‘सेक्रेटरीसाहेब’ म्हणायचे, त्यातला ‘साहेब’ जरा लांबवून. एकदा मी फारच तावातावानं बोललो तेव्हा म्हणाले की मी दर रविवारी राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करतो, त्यांनी नीट राज्य करावं म्हणून करतो. आपल्याला प्लॉट मिळावा म्हणून नाही. सगळे हसले. मीही हसलो, पण मनात म्हटलं, यांना काय, ठाण्याला दगडी देऊळ आहे.

मग नवी महापालिका झाली आणि तिची पहिली निवडणूक आली. आमचे दोन-तीन सेक्टर आणि दिघ्याची थोडी वस्ती मिळून एक वॉर्ड झाला, आणि तो राखीव निघाला, अनुसूचित जातीच्या बाईमाणसासाठी. झालं! जवळच्या गावातले एक शेठ मला शोधत कंपनीच्या गेटवर आले. आगरी माणूस, कंत्राटदार, गावातली जमीन शहरात गेलेल्या घरातला. वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगतो. माझ्याशी खोटं तो एकदाही बोलला नाही. खोटं बोललो तो मी. शेठला त्याच्या पक्षासाठी उमेदवार पाहिजे होती, आणि त्याचं लक्ष आमच्या बाईंवर होतं.

बाई दिघ्यात बालवाडी चालवायच्या. विधवा, चाळिशीच्या आतबाहेर, एक मुलगी. वस्तीतल्या निम्म्या पोरांना त्यांनी हाताला धरून अक्षर शिकवलेलं. कुणाचं रेशनकार्ड अडलं, कुणाच्या सुनेला दवाखान्यात न्यायचं, कुणाच्या नवऱ्यानं हात उगारला, की आधी बाई. आमच्या मंडळीत त्या रविवारची मुलांची शाळा घ्यायच्या आणि भजनाला आवाज लावायच्या. पेटी नसली तरी सूर बरोब्बर. वस्तीतले बौद्ध, हिंदू, उत्तरेकडचे भय्ये, सगळे त्यांना नुसतं बाई म्हणायचे, आणि आम्हीही.

इथं एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाईंचे आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात ख्रिस्ती झाले. तीन पिढ्या देवळात जाणारं घर. पण बाई पहिलीत गेल्या तेव्हा मास्तरांनी पोरगी कुठल्या वस्तीतून आली ते बघितलं आणि ‘हिंदू महार’ लिहून टाकलं. कुणी विचारलं नाही, कुणी दुरुस्त केलं नाही. आमच्यातल्या निम्म्या घरांत असे दोन कागद असतात. मंडळीच्या रजिस्टरात एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. कायदा असा की सवलत हिंदूंना होती, शिखांना मिळाली, पुढं बौद्धांनाही मिळाली. ख्रिस्ती झालात की गेली. गावच्या विहिरीवर मात्र आजोबांना कुणी धर्म विचारला नव्हता, जातच विचारली होती. त्यामुळं त्या दुसऱ्या कागदाला आम्ही खोटा म्हणत नव्हतो. त्याबद्दल बोलतच नव्हतो.

शेठला हे सगळं माहीत होतं. तो म्हणाला, “बाय चांगली हाय, दिघ्यान सगली तिला वलखतान. फक्त तुमचे वहीन तिचा नाव नको. निवरून आली का पयला तुमचा प्लाट.”

मी पाळकसाहेबांकडं गेलो. त्यांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. बाईंनी निवडणुकीला उभं राहायला त्यांची ना नव्हती. उलट ते म्हणाले की उभी राहावी, तिच्यासारखी माणसं पाहिजेतच तिथं. जातीच्या दाखल्याचं काय ते तिचं तिनं ठरवावं. पण मंडळीतून नाव काढायला मी सही करणार नाही. आणि मला विचारलं, “तिला विचारलंत का?” मी म्हटलं, विचारतो.

आमच्यात एक पद्धत आहे. सभासद दुसऱ्या गावी गेला की त्याला मंडळी सोडल्याचा दाखला द्यायचा. तो घेऊन तो नव्या मंडळीत जातो, तिथं त्याचं नाव चढतं, इथलं उतरतं. मधल्या काळात तो कुठलाच नसतो, पण तो मधला काळ आठ-पंधरा दिवसांचा. मी काय केलं, तर बाईंच्या नावानं असा दाखला बनवला, त्यांच्या माहेरच्या गावच्या मंडळीसाठी. खाली ‘पाळकांच्या वतीने’ लिहून मीच सही ठोकली. आता प्रश्न जुन्या रजिस्टरचा, कारण त्यात नाव खोडलेलं दिसलं असतं. तर त्याला कोपऱ्यात वाळवी लागली होती. बैठकीत म्हटलं, चालू सभासदांचं नवं रजिस्टर उतरवून काढतो, जुनं पेटीत ठेवू. सगळे म्हणाले, वा वा, कामाचा माणूस. एका सुट्टीच्या दिवशी दुपारी बसून मी अख्खी मंडळी नव्या वहीत उतरवली. निळी शाई, लाल रेघा. बाईंच्या नावाशी आलो तेव्हा हात अडखळला का? नाही अडखळला. उलट, आपण कसं नियमात बसवलं, याचीच मला ऐट वाटत होती. त्या ऐटीची आज किळस येते.

त्यानंतर मी बाईंकडं गेलो. म्हणजे आधी केलं आणि मग विचारायला गेलो. बालवाडी सुटली होती, बाई पोरांनी सांडलेले चुरमुरे झाडून काढत होत्या. मी बोलत होतो, त्या झाडत होत्या. दोन महिन्यांचा प्रश्न आहे, म्हटलं. तेवढे दोन महिने उपासनेला येऊ नका, कुणी बघायला नको. निवडून आलात की सगळं पूर्ववत. मंडळीला हक्काची जागा मिळेल, तुमच्या वस्तीलाही पाणी मिळेल. वस्तीत पाण्यासाठी रोज मारामाऱ्या व्हायच्या, ते मला माहीत होतं, आणि मी बरोबर त्यावर बोट ठेवलं. बाईंनी दोनच गोष्टी विचारल्या. एक, रविवारी मुलांना कोण शिकवील? दुसरी, पाळकसाहेब काय म्हणाले?

“ते तयार आहेत,” मी म्हटलं.

खोटं मी पहिल्यांदा बोललो ते हे. पुढचं सगळं यावरच उभं राहिलं. बाईंनी केरसुणी भिंतीला लावली आणि म्हणाल्या की पाळकसाहेबांना चालणार असेल तर बघते. दाखला मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, ठेवला. 

अर्ज भरला त्यानंतर छाननीच्या दिवशी समोरच्या पार्टीनं हरकत घेतली. ही बाई किरिस्ताव आहे, रविवारी शाळेत जाते, हिचा फॉर्म बाद करा. शेठचा माणूस मोटारसायकलवर मला न्यायला आला, वही घेऊन चला म्हणाला. मी कंपनीतून अर्धी रजा टाकली आणि नवं रजिस्टर काखोटीला मारून निघालो. माझी तेव्हा काय हवा! इतकी वर्षं ऑफिसांच्या बाकड्यांवर वाट बघत बसलेला मी, आज मला ऑफिसात बोलावलं होतं, आणि शिपायानं स्वतः दार उघडलं.

आत निवडणुकीचे अधिकारी होते, चष्म्यातून वर बघणारे, दमलेले. बाई टेबलासमोर उभ्या. अंगावर हिरवी काठाची साडी आणि कपाळाला मोठी टिकली. टिकली आमच्या बायकाही लावतात काही काही, पण बाई लावत नसत. एका बाजूला हरकत घेणारे, एका बाजूला शेठ. अधिकाऱ्यांनी आवाज न चढवता सरळ बाईंना विचारलं, “तुम्ही ख्रिश्चन आहात का?”

बाई गप्प राहिल्या. किती वेळ, सांगता येणार नाही. मला तो वेळ फार वाटला. मला वाटलं, बाई घाबरल्या, आता सगळं पाण्यात जाणार. मी पुढं झालो, रजिस्टर टेबलावर उघडून ठेवलं आणि म्हणालो की साहेब, मी मंडळीचा सेक्रेटरी, ही आमच्या सगळ्या सभासदांची यादी, यात या बाईंचं नाव नाही, कधी नव्हतं. ‘कधी नव्हतं’ हे कुणी विचारलंही नव्हतं. ते मी पदरचं घातलं.

शिष्य असून पेत्रानं येशूला ओळखत नाही म्हटलं, ती गोष्ट आम्हाला पोरपणापासून पाठ. दर गुड फ्रायडेला ती ऐकून आम्ही पेत्रावर चुकचुकतो. त्या दिवशी त्या ऑफिसात मला ती आठवलीसुद्धा नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

अधिकारी म्हणाले, त्यांना बोलू द्या. बाईंनी माझ्याकडं बघितलं, वहीकडं बघितलं आणि म्हणाल्या, “ह्यांच्या वहीत माझं नाव नाही.” हरकत फेटाळली. बाहेर आल्यावर मी बाईंना म्हटलं, काय उत्तर दिलंत, तोडच नाही! त्यांनी शिपायाला नळ कुठं आहे विचारलं आणि तोंड धुवायला गेल्या. परत आल्या तेव्हा टिकली नव्हती, तर शेठच्या माणसानं पाकिटातून दुसरी काढून दिली. ती त्यांनी लावली.

बाई निवडून आल्या, दणदणीत. दिघ्यापासून आमच्या सेक्टरपर्यंत मिरवणूक, गुलाल, ताशे. आमची मंडळीही घरांच्या गॅलऱ्यांतून बघत होती. मी खाली उतरून नाचलो. पेढे वाटले. माझी बायको म्हणाली की बाई हसत का नाहीयेत? मी म्हटलं, दमल्या असतील.

आता प्लॉट, असं म्हणून मी शेठकडं गेलो. तो म्हणाला, जरा थांबा. समोरच्या पार्टीच्या हरलेल्या उमेदवार बाईनं कोर्टात केस टाकली होती, जातीच्या दाखल्यावरून. केस चालू असताना बाईंनी देवळासाठी जागा मागितली तर आपणहून पुरावा दिल्यासारखं होईल. बोलणं बरोबर होतं. आणि तेच कारण रविवारला लागू. केस संपेपर्यंत बाईंनी उपासनेच्या आसपास फिरकायचं नाही. दोन महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची दोन झाली, तीन झाली. पाळकसाहेबांना मी सांगितलं की बाईंनीच दाखला मागून घेतला.  ते म्हणाले की बरं. त्यानंतर त्यांनी मला ‘सेक्रेटरीसाहेब’ म्हणणं सोडलं, नुसतं सेक्रेटरी म्हणायला लागले.

बाईंनी काम मात्र केलं. वस्तीत पाण्याची लाइन आली. शाळेची किल्ली आम्हाला रविवारी न चुकता मिळायला लागली, वॉचमन आमच्या आधी हजर, वर्गात दोन पंखे लागले. हे त्यांनीच बघितलं असणार, त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांनी लावून दिलेल्या पंख्याखाली आम्ही बसायचो आणि ‘एकमेकांवर प्रीती करा’ यावर संदेश ऐकायचो.

एका नाताळात आम्ही शाळेच्या पटांगणात कार्यक्रम ठेवला आणि प्रमुख पाहुण्या म्हणून नगरसेविकेला बोलावलं. कल्पना माझीच. पाहुण्या म्हणून यायला काय हरकत, सगळेच पुढारी सगळीकडं जातात. बाई आल्या, हार घातला, केक कापला. मी माइकवरून ‘आमच्या लाडक्या नगरसेविका’ म्हणालो. मग मुलांनी गाणं म्हटलं. ते बाईंनीच बसवलेलं, जुनं. मोठी पोरं ते त्यांच्याकडून शिकली होती आणि त्यांनी लहानांना शिकवलं होतं. दुसऱ्या कडव्यात पोरं सूर चढवायला चुकली. बाई पुढच्या खुर्चीत हार घालून बसलेल्या, ओठ घट्ट मिटलेले, फक्त उजव्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरून. समोर कुणीतरी कॅमेरा घेऊन उभा होता, ती बोटं त्यांनी पदराखाली घेतली. माझी बायको माझ्या शेजारी बसून रडायला लागली. मी तिच्यावर डाफरलो, की लोक बघतायत. वास्तविक मलाच ते बघवत नव्हतं.

केस कशी संपली माहीत आहे? ज्या बाईनं केस टाकली होती तिच्या नवऱ्याचं शेठशी जमलं. एका संध्याकाळी तो शेठच्या पार्टीत आला, गळ्यात पट्टा, फोटोबिटो. बायकोनं केस काढून घेतली. चार वर्षं ज्या केसपायी बाईंनी देवळाची पायरी चढली नाही, ती अशी एका चहावर मिटली. पुढच्या निवडणुकीत वॉर्डाचं आरक्षण बदलणार होतं, त्यामुळं शेठला बाईंची गरज उरली नव्हती. बाईंची मुदत संपत आली होती. मला घाई झाली, कारण प्लॉटच्या फायलीला नगरसेविकेचं शिफारसपत्र पाहिजे होतं.

मी दिघ्याला गेलो. पत्र मीच लिहून नेलं होतं. बाई थकलेल्या दिसत होत्या, केस पांढरे झाले होते. पत्र त्यांनी पूर्ण वाचलं आणि सही केली, शिक्का मारला. मला हायसं वाटलं. मग मी मोठ्या मनानं म्हणालो की आता केसची कटकट गेली, या रविवारपासून या, मी रजिस्टरात नाव पुन्हा चढवतो, पाच मिनिटांचं काम.

बाईंनी शिक्का डबीत ठेवला. “त्या साहेबांनी मला विचारलं होतं, भाऊ,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला नव्हतं विचारलं.”

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता, पोरांना सांगतात तसं. छाननीच्या आदल्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं होतं. विचारलंच, तर हो म्हणायचं. फॉर्म बाद झाला तर होऊ दे. उत्तर द्यायच्या आधी त्या गप्प राहिल्या होत्या ती भीती नव्हती, त्या मनात प्रार्थना करत होत्या. “मी हो म्हणणार होते. तेवढ्यात तुम्ही वही ठेवलीत. त्यानंतर हो म्हटलं असतं तर खोटे तुम्ही ठरला असता. सरकारी ऑफिसात. तुमची नोकरी, पोरं लहान.”

  पाळकसाहेब तयार नव्हते, हेही बाईंना कळलं होतं, कधीचं. पाळकसाहेबांना रस्त्यात गाठून बाईंनी विचारलं होतं.

मी माफी मागितली. खरंच मागितली, रडलोसुद्धा. बाईंनी पाणी आणून दिलं. म्हणाल्या की मनात काही नाही, पण त्या अशा मागच्या दारानं येणार नाहीत. “मंडळीला वाटतं मी खुर्चीसाठी मंडळी सोडली. तुम्ही एकदा उभं राहून सांगा, की हिनं सोडली नव्हती, मी नाव काढलं. एवढंच सांगा. मी त्याच दिवशी येऊन बसते.”

मी शब्द दिला. येत्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या वेळी. आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून, आणि भाकर वाटायच्या आधी पाळक विचारतात की कुणाच्या मनात कुणाविषयी काही असेल तर आत्ताच मोकळं व्हा, आणि मग या मेजाशी या. बहुतेक वेळा कुणी बोलत नाही. कधीतरी दोन जावा उठून एकमेकींच्या गळ्यात पडतात. बोलायला याच्याइतकी योग्य वेळ दुसरी नाही.

त्या रविवारच्या दोन दिवस आधी पत्र आलं. प्लॉट मंजूर. मी ते कंपनीत वाचलं आणि जिन्यातच बसलो. संध्याकाळपर्यंत सगळ्या घरांना कळलं. लोक घरी येऊन मला मिठ्या मारत होते. एका म्हाताऱ्या बाईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली की तू होतास म्हणून बाबा, आता माझी माती इथल्या देवळातून जाईल. बायकोला मी बाईंना दिलेल्या शब्दाबद्दल काहीच बोललो नाही.

रविवारी वर्ग गच्च भरला. बाई आल्या होत्या. पांढरी साडी, कपाळ मोकळं, हातात पवित्र शास्त्र. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसल्या. माना वळल्या, कुजबुज झाली. चार वर्षांनी त्यांनी भजनाला आवाज लावला, आणि सगळ्यांचे सूर आपोआप त्यांच्या मागं गेले.  मी स्वतःला सांगत होतो, सांगायचं, आज सांगायचं.

सूचना वाचायला मी उभा राहिलो. पत्र वाचलं. टाळ्या थांबेनात. पाळकसाहेबांनी डोळे पुसले, खरोखर पुसले. त्या माणसानंही आयुष्यभर भाड्याच्या जागांत उपासना घेतल्या होत्या. कुणीतरी माझ्या नावानं परमेश्वराचे उपकार मानले. आणि मला दिसलं, की मी आता तोंड उघडलं तर हा प्लॉट कशावर मिळाला ते सगळ्यांना कळेल. फाइल अडेल का, नोकरी जाईल का, हे मी नंतर स्वतःला सांगितलेले बहाणे. खरं एवढंच की त्या टाळ्या मला सोडवेनात.

पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला मोकळं व्हायचं आहे का.  ते थांबले, नेहमीपेक्षा जास्त थांबले, आणि मग सरळ माझ्याकडं बघून म्हणाले, “सेक्रेटरी, आणखी काही?”

मी शेवटच्या बाकाकडं बघितलं. बाई माझ्याकडंच बघत होत्या. रागानं नाही. बालवाडीतल्या पोराला उत्तर येतंय हे ठाऊक असलं की बाई जसं बघतात, तसं.

“नाही. एवढंच,” मी म्हटलं आणि खाली बसलो.

भाकरीचं ताट पुढच्या बाकापासून फिरायला लागलं. ते मध्यावर यायच्या आत बाई उठल्या, दाराबाहेर चपला घातल्या आणि गेल्या. त्या परत कधी आल्या नाहीत. ताट माझ्यापर्यंत आलं. मी भाकर उचलली आणि खाल्ली.